पावसाच्या आत वेसाव्यात मुलांसाठी माणसं उभी करा

वेसावे म्हणजेच वर्सोवा गावातल्या, यारी रोडवरच्या, सात बंगला आणि चार बंगला परिसरातल्या सगळ्या रहिवाशांना, मच्छीमार सहकारी संस्थांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना, गणेशोत्सव मंडळांना आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींना हे कळकळीचं आवाहन आहे. उद्या आपल्या भागात एखादं घर कोसळलं, वस्तीत आग लागली किंवा वादळात समुद्र गल्लीत शिरला, तर अग्निशमन दल येईल, रुग्णवाहिका येईल, पोलिसही येतील. पण त्या धावपळीत एकटं पडलेलं सहा वर्षांचं पोर कोणाच्या हाती सोपवायचं, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही. हे काम शिकलेली माणसं पावसाळ्याच्या आत आपल्या गल्लीगल्लीत तयार व्हायला हवीत. शिवाय मुलांच्या संरक्षणासाठी सरकारने जी पदं मंजूर केली आहेत ती भरलेली असायला हवीत, आणि उपनगराची वस्ती पाहता ती वाढायलाही हवीत. या दोन गोष्टींसाठी तुमचा वेळ आणि तुमची सही हवी आहे.

उपनगराला अशा रात्री नवीन नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शाळेत गेलेली कितीतरी मुलं त्या रात्री शाळेतच राहिली, कोणी बसमध्ये अडकली, कोणी अनोळखी घरात झोपली. १ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास मालाड पूर्वेला पिंपरीपाडा आणि आंबेडकर नगरच्या झोपड्यांवर महापालिकेच्या जलाशयाची भिंत कोसळली. तीसहून अधिक माणसं गेली. ९ जून २०२१ च्या रात्री मालवणीत एक इमारत शेजारच्या घरावर पडली. मेलेल्यांत आठ मुलं होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, १७ मे २०२१ ला तौक्ते आलं. दोन्ही वेळा मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतून माणसं हलवावी लागली, तीही करोनाच्या दिवसांत, जेव्हा शेजाऱ्याच्या घरात पोर ठेवायचीही चोरी होती.

अशा प्रत्येक घटनेनंतर मृतांचा आकडा छापून येतो, जखमींचा येतो, मदतीची रक्कम जाहीर होते. वाचलेल्या मुलांचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. आई एका रुग्णालयात, बाप दुसऱ्या, धाकटा भाऊ शेजारणीकडे आणि थोरली बहीण पालिकेच्या शाळेतल्या निवाऱ्यात, अशी ताटातूट अर्ध्या तासात होते. ती जुळवायला मात्र कधी कधी आठवडा जातो. त्या आठवड्यात मुलाचं बरंवाईट काय होईल, हे त्याच्याजवळ पहिल्यांदा कोण पोचलं यावर ठरतं.

अशी एक रात्र डोळ्यांसमोर आणू या. शाळेचे वर्ग उघडलेत, बाक भिंतीला लावलेत, शे-दीडशे माणसं सतरंज्यांवर टेकली आहेत. बिस्किटं, पाणी, चादरी पोचल्या. आपल्या लोकांची दानत मोठी आहे, त्यात कधी कमी पडत नाही. दारात कोण आलं, कोण गेलं, याची वही मात्र नाही. एका कोपऱ्यात पाचवीतली मुलगी भावाला मांडीवर घेऊन बसली आहे. आईला कूपर रुग्णालयात नेलंय, वडील गावी गेलेत. पहिल्या अर्ध्या तासात चार बायका येऊन तिला विचारतात, "काय गं, आईला किती लागलं?" ती चौघींना तेच सांगते आणि दर वेळी थोडी आणखी थिजते. एक तरुण तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो, नावगावासकट. हेतू चांगलाच असतो. एक कनवाळू बाई म्हणतात, "भाऊ लहान आहे, त्याला मी घरी नेते आजच्या रात्री." मग एक माणूस येतो, म्हणतो, मी मामा. मुलगी काहीच बोलत नाही. सगळे दमलेत, मध्यरात्र उलटून गेली आहे. तिला त्याच्याबरोबर पाठवलं जातं.

आता तीच रात्र, पण तिथे हे काम शिकलेली एक बाई आहे असं धरा. ती मुलीशेजारी खाली बसते, आपलं नाव सांगते, तिचं विचारते. प्रश्न एकच माणूस विचारणार, आणि एकदाच. वहीत काय उतरतं? पूर्ण नाव, घरात हाक मारतात ते नाव, भावाचं नाव आणि वय, आईचं नाव, शाळा आणि इयत्ता, घराजवळची खूण, मूळ गाव आणि तालुका, पाठ असलेला फोन नंबर, अंगावरचे कपडे, आईला शेवटचं कुठे पाहिलं, आणि ओळखीच्यांपैकी कोणाजवळ राहायला आवडेल. हाक मारायचं नाव फार महत्त्वाचं असतं. तीन वर्षांच्या पोराला शाळेच्या दाखल्यावरचं नाव सांगता येत नाही आणि आईला शुद्धीवर येताना तेच घरचं नाव आठवतं. ती बाई "आई सकाळी येईल, रडू नको" असं म्हणत नाही, कारण ते तिला ठाऊक नाही. ती म्हणते, "आईला कूपरला नेलंय. मी तिथे फोन करतेय. कळलं की आधी तुला सांगेन." आणि खरंच आधी तिलाच सांगते. भावाला बहिणीपासून हलवत नाही, कारण त्या रात्री त्या दोघांचं उरलेलं घर म्हणजे ते दोघंच असतात.

मामा आला तर ती त्याला परत पाठवत नाही. त्याचं ओळखपत्र पाहते, नंबर आणि पत्ता लिहून घेते. मुलीला बाजूला घेऊन शांतपणे विचारते, तू यांना ओळखतेस का, यांच्याकडे जायचंय का? पोलिस ठाण्याच्या माणसाला बोलावते. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवते. शौचालयाकडे जाणाऱ्या बोळातला दिवा बंद आहे, हे तिच्या लक्षात आलेलं असतं, आणि झोपायच्या आत तो लावून घेते. एकट्या मुलांना आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना वेगळा वर्ग देते. त्या वर्गात कोणीही मोठा माणूस एकटा जाणार नाही असा नियम करते आणि स्वतःही पाळते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणखी गोष्टी दिसू लागतात. आठ वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करतो. एक मुलगी बोलणंच थांबवते. दोन पोरं वह्या-पुस्तकं रचून भिंत पाडण्याचा खेळ खेळत बसतात, पुन्हा पुन्हा तोच. न शिकलेला माणूस ओरडतो, "असले खेळ काय खेळता!" शिकलेल्याला कळतं की पोरं मनातलं बाहेर काढताहेत. तो त्यांच्याजवळ बसून राहतो, रोज ठरल्या वेळी येतो, चित्रं काढायला कागद देतो, शाळा लवकरात लवकर सुरू करायचा आग्रह धरतो. ज्याचं खाणं-झोपणं आठवडे उलटले तरी रुळावर येत नाही, त्याला समुपदेशकाकडे नेतो. हे ज्ञान नुसत्या चांगुलपणातून येत नाही. ते शिकावं लागतं, त्याचा सराव करावा लागतो, आणि ज्याचं हे रोजचं काम आहे त्याला पगार द्यावा लागतो. आपत्तीत मुलांचं संरक्षण कसं करावं याची जगभरातल्या संस्थांनी मिळून जी किमान मानकं २०१२ मध्ये ठरवली आणि २०१९ मध्ये सुधारली, त्यांत मनुष्यबळाला स्वतंत्र मानक म्हणून जागा आहे.

कायदा आपल्याकडे भक्कम आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात नैसर्गिक आपत्तीत सापडलेलं मूल हे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' मानलं आहे. हरवलेलं, टाकलेलं किंवा कोणी नसलेलं मूल ज्याला सापडेल, मग तो साधा नागरिक असो की रुग्णालय, त्याने चोवीस तासांत चाइल्डलाइन (१०९८), पोलिस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचं असतं. न कळवणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मुलाचं नाव, फोटो, पत्ता जाहीर करणंही गुन्हा आहे. प्रत्येक पोलिस ठाण्यात बाल कल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असावा, असं कायदाच सांगतो. वर्सोवा पोलिस ठाण्यात तो अधिकारी कोण, हे तुम्हाला माहीत आहे का? ठाण्यात जाऊन विचारा. विचारल्याने काही बिघडत नाही, उलट ठाण्यालाही कळतं की लोकांचं लक्ष आहे.

मात्र हा कायदा राबवणारी माणसं किती, ते पाहा. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९३ लाख ५७ हजारांच्या आसपास होती. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेला हा जिल्हा आहे. मुलांच्या संरक्षणासाठीच्या मिशन वात्सल्य योजनेच्या मूळ आराखड्यात जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला माणसं धरली आहेत ती जेमतेम बारा. त्यातले लेखापाल, संगणकावर नोंदी करणारे असे वगळले, तर प्रत्यक्ष वस्तीत जाणारे उरतात दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन क्षेत्र कार्यकर्ते. समुपदेशक एक. चांद्यापासून बांद्यापर्यंत कुठलाही जिल्हा असो, आराखडा जवळपास हाच. सिंधुदुर्गाची लोकसंख्या त्याच जनगणनेत साडेआठ लाखांच्या आत होती. तिथला साचा अकरा पट मोठ्या उपनगराला कसा पुरणार? आणि ही माणसं आपत्तीची वाट पाहत बसलेली नसतात. बालगृहांच्या तपासण्या, बालसंगोपनाचे अर्ज, गृहभेटी, बाल न्याय मंडळापुढचे अहवाल, बालविवाहाच्या तक्रारी हे सगळं रोज त्यांच्याच टेबलावर येतं. बहुतेक जण कंत्राटी. उद्या नोकरी राहील की नाही याची खात्री नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मुलाला "मी आहे ना" असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

१०९८ चंही असंच. ही हेल्पलाइन आपल्या मुंबईतच जन्मली. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी ती सुरू केली. रस्त्यावरच्या मुलांना पाठ व्हावं म्हणून 'दस नौ आठ' म्हणायची पद्धत पडली. २०२३ मध्ये ती सरकारी यंत्रणेकडे आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. सरकारने जबाबदारी घेतली हे योग्यच झालं. पण वर्षानुवर्षं रात्रीबेरात्री स्टेशनांवर, फलाटांवर धावलेल्या कार्यकर्त्यांच्या अंगी जी जाण आली होती, ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भरता येत नाही. ही माणसं आजही मुंबईत आहेत. त्यांना शोधून प्रशिक्षक म्हणून बोलवावं, ही आपली एक मागणी असली पाहिजे.

अंगणवाडी सेविका आणि पालिकेच्या आरोग्य सेविका तर आपल्याच गल्लीत आहेत. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणाचा नवरा दारू पितो, कोणतं मूल आजीकडे वाढतंय, हे त्यांना घरच्यासारखं ठाऊक असतं. वस्तीत काही झालं तर मुलांची सगळ्यांत खरी यादी त्यांच्या रजिस्टरमध्ये सापडते. त्यांच्याकडून आपण पोषण आहारापासून मोबाइल ॲपवरच्या नोंदींपर्यंत सगळं करून घेतो आणि बदल्यात पगार नव्हे, मानधन देतो. २०२३ च्या डिसेंबरात राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, त्यामागे हेच दुखणं होतं. आपत्तीचं आणखी एक काम फुकटात त्यांच्या गळ्यात मारायला माझा ठाम विरोध आहे. ते काम त्यांना द्यावं, पण शिकवून द्यावं आणि मोबदल्यासह द्यावं.

शिकलेली माणसं नसली की काय होतं, ते २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपण आपल्याच मोबाइलवर पाहिलं. "आईवडील करोनाने गेले, दोन वर्षांची मुलगी आणि दोन महिन्यांचा मुलगा आहे, कोणाला दत्तक हवे असल्यास संपर्क करा," असे मेसेज नंबरासकट फिरत होते. सुशिक्षित लोक ते हळहळून पुढे पाठवत होते. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की अशा बेकायदा दत्तक प्रकरणांवर कारवाई करा. कायद्याची वाट सोडून मूल देणं-घेणं गुन्हा आहे, आणि मुलाची विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हे आपल्यापुरतं नाही. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर दहा अमेरिकी नागरिक तेहतीस मुलांना सीमेपलीकडे नेताना पकडले गेले होते. त्या मुलांना अनाथ म्हटलं जात होतं. चौकशीत त्यांचे आई किंवा बाप जिवंत निघाले. मोठ्या संकटात 'अनाथ' हा शिक्का फार घाईने मारला जातो. शोध घेणारं कोणी असेल तर काका, मावशी, आजी, थोरला भाऊ सापडतो. निदान गावचा पत्ता तरी सापडतो.

करोनाच्या त्याच २०२१ मध्ये महाराष्ट्राने एक चांगली गोष्टही करून दाखवली, तीही सांगायला हवी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल बसलं, शिक्षक आणि अंगणवाडी सेविका घरोघर फिरून आईवडील गमावलेली मुलं शोधू लागल्या, दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली. बालसंगोपन योजनेची रक्कमही पुढे वाढून महिना २२५० रुपये झाली. पैसा आला तो योग्यच झाला. पण त्या मुलाकडे वर्षभराने, दोन वर्षांनी जाऊन "शाळेत जातोस का, काकूकडे बरं चाललंय का?" असं विचारायला माणूस लागतो. ठेवपावती हे विचारत नाही.

लातूरचा अनुभव याहून जुना आणि बोलका आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, जवळजवळ आठ हजार माणसं गेली. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोलीला शिकायला नेलं. राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गला पन्नालाल सुराणा यांच्या नेतृत्वाखाली 'आपलं घर' उभं केलं. या मुलांसोबत माणसं राहिली, वर्षानुवर्षं राहिली, म्हणून ती शिकून उभी राहिली. भूकंप काही सेकंदांचा आणि मुलाचं सावरणं दहा वर्षांचं, हा हिशेब त्या लोकांनी पत्करला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता म्हणून शोध थांबवावा लागला. आश्रमशाळेत होती म्हणून काही मुलं वाचली, पण घरी कोणीच उरलं नव्हतं. मुख्यमंत्र्यांनी त्या मुलांचं पालकत्व जाहीर केलं. अशा पालकत्वाला रोजच्या कामाचे हातपाय लागतात. मुलाच्या परीक्षेला, तापाला, रात्रीच्या भीतीला हजर असणारा एक ओळखीचा चेहरा लागतो, आणि तो चेहरा दर वर्षी करार संपला म्हणून बदलून चालत नाही.

मग आपण वेसाव्यात नेमकं काय करायचं?

प्रत्येक गल्लीने, प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक मंडळाने दोन नावं ठरवावीत, त्यातलं एक बाईचं असावं. नावं ठरवताना पुढारीपण पाहू नका. रात्री दोनला दार ठोठावलं तर उठणारी, कमी बोलणारी आणि ऐकून घेणारी माणसं निवडा. मासळी बाजारात वर्षानुवर्षं बसलेल्या कोळणींकडे हा गुण भरपूर आहे. त्या माणसं ओळखतात, थापा मारणारा मामा त्यांच्यापुढे टिकायचा नाही. या नावांची पोलिस पडताळणी झालीच पाहिजे, यात भिडस्तपणा नको. मुलांच्या जवळ जाण्याची संधी शोधणारे लोक मदतीच्या नावाखालीच येतात, आणि ज्याला पडताळणीचा अपमान वाटतो त्याने दुसरं काम घ्यावं, मदतकार्यात कामं पुष्कळ असतात.

ही यादी महापालिकेच्या के पश्चिम विभाग कार्यालयाला लेखी द्या, प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि वर्सोवा पोलिस ठाण्याला द्या, पोच घ्या. पत्रात तीन गोष्टी मागा. या माणसांना दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण. पालिकेच्या निवारा-शाळांमध्ये मुलांच्या नोंदीची छापील वही आणि ती सांभाळणाऱ्या माणसाचं नाव. आणि प्रभागाच्या बाल संरक्षण समितीची बैठक, जिची तारीख आधी कळवलेली असेल. मार्च २०२२ नंतर महापालिकेत दीर्घकाळ लोकनियुक्त नगरसेवकच नव्हते. प्रभाग पातळीवरच्या कितीतरी गोष्टी त्या काळात रेंगाळल्या. ती सबब आता पुढे चालवू देऊ नका.

माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज करा. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारा की मुंबई उपनगरच्या बाल संरक्षण कक्षात मंजूर पदं किती, भरलेली किती, किती दिवसांपासून रिकामी, मानधन वेळेवर मिळतं का, आणि गेल्या तीन वर्षांत आपत्तीच्या कामाचं प्रशिक्षण कोणाला दिलं. उत्तर आलं की आमदारांपुढे ठेवा. लोकसंख्येच्या प्रमाणात पदं, करार दीर्घ मुदतीचे, पगार वेळेवर, आणि रोज दहा मुलांची दुःखं ऐकणाऱ्या समुपदेशकाचं ऐकायलाही कोणी, एवढं तरी मागा. या शेवटच्या गोष्टीला कोणी महत्त्व देत नाही, म्हणून तर चांगली माणसं दोन वर्षांत हे काम सोडून जातात.

प्रशिक्षण कोण देणार, असं विचाराल. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, चर्चगेटला निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय आहे, आणि अगदी शेजारी जुहूच्या एसएनडीटी आवारात बालविकास शिकवला जातो. तिथले प्राध्यापक आणि विद्यार्थी यांना वस्तीत काम करायचंच असतं. आपण बोलावलं पाहिजे, जागा दिली पाहिजे. मुहूर्तही आपल्या हातात आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला लागतात, माणसं घरी असतात. आणि मुंबईचे सगळ्यांत धोक्याचे दिवसही तेच. मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात एक आणि जूनच्या सुरुवातीला एक, अशी दोन शिबिरं कोळीवाड्यात बसली तर पावसाचा जोर वाढायच्या आत ही फळी तयार असेल. होड्यांवरचे खलाशी परप्रांतांतूनही येतात. काहींची बायकामुलं इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यातलंही एखादं नाव यादीत असू द्या, कारण आपत्तीत ज्या मुलाची भाषा कोणाला कळत नाही ते मूल सगळ्यांत आधी हरवतं.

यारी रोड आणि चार बंगल्याच्या टॉवरांत राहणाऱ्यांना वेगळं सांगतो. तुमच्या घरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांची मुलं शेजारच्याच वस्तीत एकटी असतात. त्या मुलांची नावं तुम्हाला माहीत असावीत. वस्ती रिकामी करायची वेळ आली तर त्या दिवशी त्यांना सुट्टी द्या, पगार कापू नका. आई घरी असली की मूल एकटं पडत नाही, त्याला दुसरा पर्याय नाही. सोसायटीच्या फंडातून वापरलेल्या कपड्यांची गाठोडी पाठवण्यापेक्षा एका प्रशिक्षित कार्यकर्त्याचा चार पावसाळी महिन्यांचा खर्च उचला. या भागात सिनेमा आणि मालिकांतली पुष्कळ मंडळी राहतात. त्यांच्या शब्दाला पोच आहे. ती वापरून १०९८ चा आकडा घराघरांत न्या, पण संकटातल्या कुठल्याही मुलाचा चेहरा कॅमेऱ्यात घेऊ नका. ग्रुप ॲडमिनांना तर हात जोडून विनंती आहे की मुलाचा फोटो आला की तो काढून टाका आणि पाठवणाऱ्याला १०९८ ला फोन करायला सांगा.

हे आपल्याला झेपणार नाही असं कोणी म्हणू नये. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी शेजाऱ्याबरोबर किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली, पुढे शेकडो माणसं शनिवार-रविवारी फावडी घेऊन उतरली आणि वर्सोव्याचं नाव जगभर पोचलं. त्या कामात कोणी कोणाला जात, गाव, मजला विचारला नव्हता. मुलांसाठी त्याहून कमी माणसं लागतात, फक्त ती शिकलेली आणि आधीपासून ठरलेली असावी लागतात.

हे वाचून झालं की आजच सोसायटीच्या, मंडळाच्या किंवा गल्लीच्या फळ्यावर तीन नंबर लिहा: मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२, पालिकेच्या आपत्ती कक्षासाठी १९१६. त्याखाली आपल्या दोघांची नावं लिहा. येत्या रविवारी एकत्र बसून पत्र तयार करा आणि सोमवारी के पश्चिम कार्यालयात पोच घेऊन या. १ जूनच्या आत वेसाव्याची यादी पूर्ण झाली पाहिजे.